हिरवी भिंत कुणी वाळवली?

१

मामांनी आयुष्यभर पत्रांना उत्तरं दिली. तोच त्यांचा पगारी उद्योग होता. शहर-नियोजनाच्या कचेरीत त्यांचं टेबल खिडकीपासून सगळ्यात लांब होतं. बेकरीचा धूर कुणाच्या गच्चीवर जाऊ नये, पिठाच्या गिरणीची घरघर कुठवर चालेल, दुकानाच्या पाटीचा दिवा कुणाच्या उशीवर पडू नये, असल्या भानगडींची पत्रं त्या टेबलावर येत आणि मामा त्यांना सुवाच्य अक्षरात, नियमाच्या कलमासकट उत्तर देत. निवृत्त झाल्यावरही लोक वाटेत गाठून विचारत, आणि मामा कानाची पाळी चोळत सांगत.

फक्त एका पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. ते थंडीच्या दिवसांत आलं होतं.

"आपण नियमांचे जाणकार आहात असे ऐकते," शेजारी शिकवण्या घेणाऱ्या व्हायोलिनबाईंनी लिहिलं होतं. "शेजारच्या कारखान्यातली करवत आणि माझे विद्यार्थी एकाच वेळी सुरू होतात. दोघांपैकी एकालाच गप्प करता येत असेल तर कोणाला, हे मला ठरवता येत नाही. नियमात काही तोडगा आहे का? सवडीने लिहावे. किंवा एखाद्या दिवशी चहालाच यावे."

तोडगा मामांना पत्र वाचतानाच सुचला होता. अडचण शेवटच्या वाक्याची होती. उत्तराचा पहिला मसुदा झाला तो फारच सरकारी. दुसऱ्यात चहाबद्दल इतकं लिहून झालं की करवत राहूनच गेली. तिसरा 'सप्रेम' लिहावं की 'सादर' यावर अडला आणि शब्दकोशात जाऊन बसला. आज लिहू, उद्या लिहू करता करता उन्हाळा आला. आता इतक्या उशिरा उत्तर द्यायचं तर आधी उशिराचं कारण द्यायला हवं, आणि ते तर मुळीच सांगण्यासारखं नव्हतं.

त्या दिवशी मामा शब्दकोश उघडून तो मसुदा पुन्हा एकदा वाचत होते, तेवढ्यात जिन्यावर धडधड पावलं वाजली. त्यांची भाची दारात उभी राहिली. केसांत भुसा, हातात हातोडी.

"मामा, खाली चला. भिंत मेली!"

२

भिंत मरते कशी, असं दुसऱ्या कुणी विचारलं असतं. मामांनी चपला शोधल्या.

मामा राहत होते त्या खोलीच्या खाली भाचीचा लाकूडकामाचा कारखाना होता. दाजींनी, म्हणजे तिच्या वडिलांनी तो काढला आणि त्यांच्यामागे तिने तो वाढवला. वस्ती मिश्र होती. घरं आणि लहान कारखाने एकमेकांना खेटून. अशा ठिकाणी नियम असा की काम आणि घर यांच्या मधे झाडांचं दाट, जिवंत, डोक्याहून उंच कुंपण हवं. धूळ त्याने अडते, आवाज थोडा अडतो, आणि नजर तर पुरतीच अडते. या कुंपणाला सगळी गल्ली 'हिरवी भिंत' म्हणायची. ती दाजींनी स्वतः लावली होती. आणि कुंपण मेलं तर कारखान्याची परवानगीही गेली, असं नियमात स्पष्ट होतं.

"उद्या दुपारी पाहणी आहे," भाची म्हणाली. "म्हणून फळ्यांची थप्पी हलवली, तर मागे हे!"

भिंतीच्या मधोमध, माणसाच्या छातीच्या उंचीवर, एक मोठा तपकिरी डाग होता. बाकी कुंपण हिरवंगार, आणि तेवढाच भाग भाजल्यासारखा.

"परवानगी गेली तर मी काय करू, मामा? या करवतीला घरात तर ठेवता येणार नाही. आणि आत सहा जणं कामाला आहेत."

मामांनी नेहमीसारखी कानाची पाळी धरली. "मी काय सांगणार... मला झाडांतलं काही कळत नाही."

"तुम्हाला नियमांतलं कळतं ना? मग नियमात बसेल असा गुन्हेगार शोधा."

मामा वाकले. बुंध्याशी माती ओली होती. तिथले कोवळे फुटवे टवटवीत होते. त्यांनी वाळलेलं एक पान बोटांत धरलं. पिवळं पडलेलं नव्हतं, थेट कुरकुरीत झालं होतं. कारखान्याच्या बाजूची पानं अजून जरा हिरवट होती आणि पलीकडची पार चुरगळत होती. विरळ झालेल्या फांद्यांतून पलीकडचं अंगण दिसलं. एक लाकडी पट्ट्यापट्ट्यांचं देखणं कपाट होतं आणि त्याच्यासमोर दोरीवर दोन टॉवेल. चपलांचं कपाट असावं, मामांनी ठरवलं, आणि परक्या अंगणात डोकावलो म्हणून घाईने मागे झाले.

मागे होताना त्यांचा पाय कशावर तरी पडला. खण्ण!

कुंपणाच्या बुडाशी एक पत्र्याचा डबा लोळत होता. त्यावर थिनरची चिठ्ठी होती.

"हा माझ्या पॉलिशच्या खोलीतला!" भाची म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला. "म्हणजे कुणीतरी माझंच थिनर माझ्याच झाडांना पाजलं?"

३

"पहिला संशय प्लॉटवाल्यांवर," भाची बोटांवर मोजत म्हणाली. प्लॉटवाले म्हणजे गल्लीतले जमिनीचे दलाल. ही जागा विकत मागून मागून त्यांनी कारखान्याचा उंबरा झिजवला होता. "दुसरा लॉन्ड्रीवाल्यांवर. त्यांचं साबणाचं पाणी. आणि तिसरा..." ती कुंपणाकडे बघून थांबली. "तिसऱ्या कोण, ते तुम्ही चौकशीला जाल तेव्हा कळेल."

"तिकडे जायलाच हवं का?"

"मामा!"

वाटेत तयार झालेल्या खोक्यांची रांग होती, सगळी तिरप्या पट्ट्यांची. विषय बदलावा म्हणून मामांनी विचारलं, "हे काय?"

"यंत्रांची झाकणं. बाहेर बसवलेली यंत्रं रस्त्यावरून दिसू नयेत असा नियम आहे ना तुमचा. ठेकेदार कागदावर मापं पाठवतो, आम्ही खोकी करून पाठवतो. पट्ट्या रस्त्याकडे उघडायच्या नाहीत, एवढं सांभाळायचं. कुठे जाऊन बसतात ते आम्ही बघायला जात नाही."

"चांगला नियम आहे," मामा आपलं म्हणाले. तो त्यांना आवडायचा. रस्ता नीटनेटका दिसायचा त्याने.

लॉन्ड्रीवाले इस्त्री फिरवतच बोलले. "माझं साबणाचं पाणी? मामा, तुम्हीच मला पुढच्या गटाराला वेगळी नळी घालायला लावलीत, विसरलात? एक थेंब मागे जात नाही. जाऊन बघा." मामांनी जाऊन बघितलं. नळी पुढेच जात होती.

"उलट नुकसान माझंच होतंय," लॉन्ड्रीवाले म्हणाले. "त्या व्हायोलिनबाई. पूर्वी धुतलेले जाड पडदे, टॉवेल वाळवायला इथे द्यायच्या. उन्हाळा लागल्यापासून बंद! म्हणतात, आमच्याकडे आता चुटकीसरशी वाळतात. अहो, त्यांच्या त्या बोळकंडीत ऊन तरी येतं का?"

मामांनी सहानुभूतीने मान हलवली आणि प्लॉटवाल्यांकडे निघाले. ते नाक्यावरच भेटले, आणि मामांच्या हातातला डबा बघून, मामांनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "डबा माझाच."

मामांनी तळहाताकडे बघितलं. इतक्या लवकर कबुली मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पुढचे प्रश्न त्यांनी तळहातावर लिहून आणले होते.

"म्हणजे डबा तुमच्या भाचीचा, कचऱ्यातून मी घेतला. रोज सकाळी मागच्या बोळातून जाऊन पाणी घालतो त्या भिंतीला."

"पाणी? तुम्ही?"

"हसताय काय, मामा? उद्या ही जागा विकली तर लोक पहिल्यांदा काय विचारतील? शेजारी कसा! हिरवं कुंपण असलं की जागा शोभते. मी तिकडून बघितलं, वाळायला लागलीय. जीव तुटला माझा."

"मग भाचीला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तिने करवत माझ्यावर चालवली असती. म्हणाली असती, तूच मारलीस!"

मामांनी डबा नाकाशी धरून हुंगला होता, तेव्हा थिनरचा वास आला नव्हता. आत शेवाळ होतं. आणि माती ओली होती. प्लॉटवाले, नवलच म्हणायचं, खरं बोलत होते.

आता एकच दार उरलं.

४

व्हायोलिनबाईंच्या दारापर्यंत मामा तीन वेळा गेले आणि दोनदा परत आले. तिसऱ्या वेळी दार आपणहून उघडलं.

"तुमच्या चपलांचा आवाज ओळखू यायला लागला," बाई म्हणाल्या. "या ना."

मामा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. चहा आला. त्यांची नजर कपात पडली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. अंगावर काटा येत होता. एवढ्या उकाड्याच्या दिवसांतही! माणसाने किती घाबरावं, असं वाटून त्यांना स्वतःचाच राग आला. बाईंच्या खांद्यावरची शाल तेवढी डोळ्यांच्या कडेला दिसत होती.

"कसला आजार वगैरे तर नाही ना?" त्यांनी शालीकडे न बघता विचारलं.

"मला? छे. तुम्हीच थरथरताय."

"सवय आहे," मामा म्हणाले.

खिडक्या सगळ्या लावलेल्या होत्या. खोलीत इतकी शांतता होती की चमच्याची किणकिण ऐकू येत होती. पत्राचा विषय निघू नये म्हणून मामांनी घाईने विचारलं, "भाचीच्या करवतीचा... फार त्रास होतो का?"

"आता? मुळीच नाही." बाई हसल्या. "वाट बघून बघून शेवटी मी माझा बंदोबस्त केला."

मामांचा कप बशीवर वाजला. काहीतरी पुटपुटत ते उठले आणि बाहेर आले. दारातून पाऊल टाकताच डोळ्यांसमोर पांढरं धुकं पसरलं. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला. लाजेने माणसाला घाम फुटतो हे त्यांना ठाऊक होतं. चष्म्यालाही फुटतो हे नवीनच होतं.

पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. कसला बंदोबस्त?

५

त्या रात्री मामांना नीट झोप लागली नाही. बाईंनी झाडं मारली असतील यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता, आणि आपला विश्वास कुठल्या कारणाने बसत नाही याची त्यांना खात्री नव्हती. सकाळी उठून त्यांनी ठरवलं, निदान पत्राचं उत्तर तरी टाकू. आरोप करायची वेळ आलीच तर त्याआधी माणसाने हिशेब सरळ करावा.

ते पोस्टात गेले. तिकीट घेतलं. खिडकीमागच्या कारकुनाने तिकिटाबरोबर एक भलीमोठी शिंक दिली. "या गारव्याने सर्दी झालीय हो," तो म्हणाला. "बाहेर भट्टी, आत हिमालयच केलाय साहेबांनी."

मामा दार ढकलून बाहेर आले, आणि डोळ्यांसमोर पांढरं धुकं पसरलं.

ते तिथेच पायरीवर थांबले. चष्मा काढला, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा घातला. पोस्टातल्या कारकुनाची तर त्यांना लाज वाटत नव्हती!

मग शाल आठवली. अंगावरचा काटा आठवला. बंद खिडक्या, चमच्याची किणकिण. टॉवेल चुटकीसरशी वाळतात. तिरप्या पट्ट्यांचं चपलांचं कपाट. आणि हो, चपला तर बाईंच्या घरी दारातच होत्या, मामांनी आपल्या चपला त्यांच्याच शेजारी काढल्या होत्या.

पंचाहत्तरीच्या माणसाने भर रस्त्यात पळू नये, पण मामा पळाले.

६

पाहणीला आलेली अधिकारी तरुण होती. गळ्यात ओळखपत्र, हातात मोजपट्टी, आणि चेहऱ्यावर लवकर घरी जायची इच्छा. तिने तपकिरी डाग बघितला आणि कागद काढला.

"कुंपण वाळलंय. नियम तुम्हाला माहीतच आहे."

"एक मिनिट," मागून आवाज आला. मामा धापा टाकत होते. त्यांच्या मागे लॉन्ड्रीवाले होते, प्लॉटवाले होते आणि शाल नसलेल्या व्हायोलिनबाई होत्या. एवढ्या लोकांसमोर बोलायची मामांची ही पहिलीच वेळ, म्हणून ते झुडपाकडे बघून बोलले.

"एक तर ते मेलेलं नाही." त्यांनी वाळक्या फांदीवर नख ओढलं. सालीखाली ओला हिरवा पट्टा चमकला. "आणि ते कुणी मारलेलंही नाही. विष मातीत घातलं असतं तर बुंधा आधी गेला असता. बुंधा ठणठणीत आहे, कारण यांनी रोज पाणी घातलं."

"याने?" भाची प्लॉटवाल्यांकडे बघून ओरडली.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" प्लॉटवाले मामांच्या मागे सरकले.

"वाळली ती पानं. तीही छातीच्या उंचीवर, आणि पलीकडच्या बाजूने आधी. म्हणजे जे काही आलं ते हवेतून आलं आणि पलीकडून आलं. बाई, ते तुमचं चपलांचं कपाट..."

"कसलं चपलांचं? यंत्राचं झाकण आहे ते," बाई म्हणाल्या. "थंड हवेचं यंत्र घेतलं मी. खिडक्या लावल्या की करवत ऐकू येत नाही. पण मग उकडून जीव जातो, म्हणून ते यंत्र."

"आतली उष्णता बाहेर फेकतं ते. दिवसभर."

सगळे बोळाला वळसा घालून पलीकडच्या अंगणात गेले. मामांनी झाकणाच्या पट्ट्यांसमोर हात धरला आणि झटक्यात मागे घेतला. पट्ट्यांचं तोंड थेट कुंपणाकडे होतं. मधे दोन टॉवेल कडकडीत वाळले होते.

"अरे देवा," लॉन्ड्रीवाले म्हणाले, "हा माझा प्रतिस्पर्धी!"

"असं झाकण कुणी केलं?" अधिकाऱ्याने विचारलं.

भाची खाली वाकली. झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात जळक्या खुणेचा एक छोटा ठसा होता, तिच्या कारखान्याचा. ती लाल झाली. "माप आलं होतं... रस्त्याकडे उघडायचं नाही म्हणून पट्ट्या उलट्या बाजूला फिरवल्या. उलट्या बाजूला काय आहे ते मी कशाला बघायला जाईन? ती तर माझीच भिंत!"

प्लॉटवाले पोट धरून हसायला लागले. "म्हणजे हिच्या करवतीला कंटाळून त्यांनी यंत्र घेतलं, त्या यंत्राला हिनेच खोकं केलं, आणि त्या खोक्याने हिचीच भिंत भाजली! आणि पाणी कुणी घातलं? मी!"

अधिकाऱ्यालाही हसू आवरेना. ते लपवायला ती कागदात बघायला लागली. "मालकाच्या हयगयीने कुंपण गेलं तर परवानगी जाते. इथे कारण बाहेरचं आहे आणि झाड जिवंत आहे. पट्ट्या आजच वरच्या दिशेला फिरवा. पावसाळ्याचे दोन महिने गेले की मी परत येईन. तोवर परवानगी आहे तशी."

भाचीने हातोडी खाली टाकून मामांना मिठीच मारली. मामांच्या सदऱ्यावर भुसा उडाला. त्यांनी तो झटकला नाही.

"पण करवतीचं काय?" अधिकारी म्हणाली. "पट्ट्या फिरवल्या तरी भांडण आहेच."

"त्याला तोडगा आहे," मामा हळूच म्हणाले. "मिश्र वस्तीत दोन शेजारी आपसांत कामाच्या वेळा ठरवू शकतात. दोघांनी सही करून कचेरीत दिलं की ते नियमाइतकंच पक्कं. शिकवणीच्या वेळी करवत बंद, तेव्हा घासकाम, पॉलिश. शिकवणी संपली की करवत. खिडक्याही उघड्या ठेवता येतील."

"एवढं सोपं?" भाची म्हणाली. "मी आजच सही करते. अहो बाई, ती पोरं वाजवतात तेव्हा मीच करवत मुद्दाम लावायची, कानांना आराम म्हणून!"

"मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मी असते तरी लावली असती." मग त्या मामांकडे वळल्या. "हा तोडगा तुम्हाला कधी सुचला?"

मामा झुडपाकडे बघत राहिले.

"मी थंडीतच विचारलं होतं," बाई सगळ्यांना म्हणाल्या. "पत्र लिहून. उत्तर आलं असतं तर यंत्र घेतलंच नसतं."

चारही डोकी एकदम मामांकडे वळली.

"अस्सं!" भाची कमरेवर हात ठेवून म्हणाली. "गुन्हेगार सापडला!"

"उत्तर... तयार आहे," मामांनी कसंबसं सांगितलं. "फक्त वरचा मायना ठरत नव्हता. आता तर सगळं बोलूनच झालं."

"करवतीचं बोलून झालं," बाई म्हणाल्या. "पत्रात आणखी एक ओळ होती. पत्राला उत्तर पत्रानेच यायला हवं."

७

संध्याकाळी खालून पट्ट्या काढल्याची ठकठक ऐकू येत होती. मामांनी शब्दकोशातून तिसरा मसुदा काढला, आणि तसाच परत ठेवला. कोरा कागद घेतला. मायना न लिहिताच सुरुवात केली.

"उशीर झाला. करवतीचे उत्तर आपणास मिळाले आहेच. चहाला येतो. या वेळी कपातून वर बघेन."

खाली सही केली, पाकीट चिकटवलं, सकाळचं तिकीट लावलं. पत्रपेटी गल्लीच्या टोकाला होती. तिथे जायला बाईंच्या दारावरूनच जावं लागे. खिडक्या सताड उघड्या होत्या आणि आत कुणीतरी शिकाऊ व्हायोलिनचा गळा आवळत होतं. करवत गप्प होती. मामा पाकीट छातीशी धरून, चपला न वाजवता, पुढे गेले.

पेटीच्या तोंडाशी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी डोळे मिटून पाकीट आत सोडलं. आत ते कशावर तरी मऊ पडलं.

आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, कोणत्या दिवशी येतो ते लिहायचं राहिलं होतं. बोटं पेटीच्या फटीत शिरली, पाकिटापर्यंत पोचली नाहीत, आणि मामा एकटेच मोठ्याने हसले. दिवस दिलेला नाही, म्हणजे आता कुठलाही दिवस चुकीचा नव्हता.